अभ्यासिकेतली रिकामी खुर्ची कुणाची? सार्वजनिक ग्रंथालय वापरण्याचे नियम समजून घ्या

सकाळी सातची वेळ. अभ्यासिकेचं शटर अजून उघडलेलं नाही, पण बाहेर पंधरा-वीस जण उभे आहेत. शटर वर जातं आणि पाच मिनिटांत सगळ्या खुर्च्या भरतात. सगळ्यांवर माणसं बसलेली नसतात. कुठे नुसती बॅग असते, कुठे पाण्याची बाटली, तर कुठे स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक. साडेसातला आलेला विद्यार्थी विचारतो, "इथे कुणी आहे का?" शेजारचा मान वर न करता म्हणतो, "हो, येतोय तो."

तो येतो साडेदहाला.

महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात हे दृश्य पाहायला मिळतं. घरात एकच खोली, त्यात टीव्ही आणि लहान भावंडं. अशा मुलामुलींसाठी ही खुर्ची म्हणजे परीक्षेच्या तयारीची एकमेव जागा असते. त्यामुळे ग्रंथालयाचे नियम म्हणजे नुसती भिंतीवर लावलेली 'शांतता राखा' अशी पाटी नाही. कुणाला जागा मिळणार आणि कुणाला नाही, हे त्या नियमांवर ठरतं.

हे नियम कोण करतं? सभासद व्हायला काय लागतं? पुस्तक हरवलं तर काय होतं? आणि ग्रंथालय तुम्हाला 'उद्यापासून येऊ नका' असं म्हणू शकतं का? एकेक मुद्दा पाहू.

आधी हे ओळखा: तुमचं ग्रंथालय कोणत्या प्रकारचं आहे?

बोलताना आपण सगळ्यांनाच 'लायब्ररी' म्हणतो. पण नियम कुणाचे लागू होतात आणि तक्रार कुठे करायची, हे ग्रंथालय कोण चालवतं त्यावर अवलंबून असतं. साधारण चार प्रकार आहेत.

१. शासकीय ग्रंथालय: जिल्ह्याच्या ठिकाणी असलेलं शासकीय जिल्हा ग्रंथालय या प्रकारात येतं. ते राज्य सरकारचा ग्रंथालय विभाग थेट चालवतो. कर्मचारी सरकारी असतात.

२. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय: गावातलं, पेठेतलं किंवा उपनगरातलं 'वाचनालय' बहुतेक वेळा हेच असतं. ते एखादी नोंदणीकृत संस्था चालवते आणि सरकार तिला अनुदान देतं. राज्यातली बहुसंख्य ग्रंथालयं याच प्रकारची आहेत.

३. महापालिका किंवा नगरपरिषदेचं ग्रंथालय आणि अभ्यासिका: जागा पालिकेची असते. चालवते कधी पालिका स्वतः, तर कधी नेमलेली संस्था.

४. खासगी अभ्यासिका: महिन्याला ठरावीक पैसे भरून खुर्ची, वायफाय आणि लॉकर मिळतो. नावात 'लायब्ररी' असलं तरी हा व्यवसाय आहे. सार्वजनिक ग्रंथालयाचे नियम त्याला लागू होत नाहीत.

प्रवेशद्वारावरची पाटी नीट वाचली तर प्रकार कळतो. शासनमान्य ग्रंथालयाच्या पाटीवर किंवा पावतीवर बहुधा नोंदणी क्रमांक आणि 'शासनमान्य' असा उल्लेख असतो. त्याबरोबर 'अ', 'ब', 'क' किंवा 'ड' असा वर्गही लिहिलेला सापडतो.

या नियमांमागे कायदा कोणता?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७. या कायद्यामुळे राज्यात ग्रंथालय संचालनालय उभं राहिलं. त्याचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. त्याखाली विभागीय कार्यालयं आणि प्रत्येक जिल्ह्यासाठी जिल्हा ग्रंथालय अधिकारी अशी रचना आहे. ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान कसं द्यायचं, याचे नियम १९७० साली आले.

महाराष्ट्रातली वाचनालयं मात्र या कायद्याच्या कितीतरी आधीची आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, तर पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये सुरू झालं. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. म्हणजे आधी लोकांनी वर्गणी काढून वाचनालयं उभी केली आणि सरकार नंतर मदतीला आलं.

आजच्या व्यवस्थेवरही याची छाप दिसते. तमिळनाडू, कर्नाटक यांसारख्या राज्यांत मालमत्ता करासोबत ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर घेतला जातो. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. इथे सरकार आपल्या तिजोरीतून अनुदान देतं आणि उरलेला भार वर्गणी आणि देणग्यांवर असतो.

त्यामुळे रोजचे नियम, म्हणजे वर्गणी किती, पुस्तक किती दिवस ठेवायचं, दंड किती, हे प्रत्येक संस्था आपापल्या नियमावलीत ठरवते. शेजारच्या गावातल्या वाचनालयात वेगळा दर दिसला तर त्यात गैर काही नाही. आपल्या ग्रंथालयाची नियमावली मात्र लेखी असायला हवी आणि मागितल्यावर दाखवली जायला हवी.

सभासद व्हायला काय लागतं?

साधारणपणे छापील अर्ज, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि एक-दोन फोटो. काही जुन्या वाचनालयांत आधीच्या सभासदाची सहीही मागतात. पुस्तक परत आलं नाही तर विचारायला कुणीतरी ओळखीचं असावं, एवढाच त्याचा हेतू असतो. विद्यार्थी असाल तर शाळा-कॉलेजचं ओळखपत्र सोबत ठेवा. अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांना वर्गणीत सवलत असते.

पैसे भरताना तीन शब्द कानावर पडतील. त्यांतला फरक लक्षात ठेवा.

प्रवेश शुल्क: एकदाच भरायचं, परत मिळत नाही.

वर्गणी: मासिक, सहामाही किंवा वार्षिक. हीसुद्धा परत मिळत नाही.

अनामत: ही तुमची रक्कम ग्रंथालयाकडे ठेव म्हणून असते. सभासदत्व सोडताना सगळी पुस्तकं आणि थकबाकी चुकती केली की ती परत मिळते.

एक उदाहरण घेऊ. समजा, प्रवेश शुल्क ५० रुपये, वार्षिक वर्गणी ६०० रुपये आणि अनामत ५०० रुपये. पहिल्या दिवशी तुम्ही १,१५० रुपये भरले. वर्षभराने शहर सोडताना ५०० रुपये तुमचे तुम्हाला परत मिळायला हवेत. त्यासाठी अनामतीची पावती लागते. अनेकांची अनामत बुडते ती पावती हरवल्यामुळे. पावती मिळाली की लगेच मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. एकाच पावतीवर सगळी रक्कम लिहिली असेल, तर त्यातली अनामत किती ते वेगळं लिहून मागा.

सभासद नसलं तर आत जाता येतं का?

येतं. बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत 'मुक्तद्वार' नावाचा विभाग असतो. तिथे वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं ठेवलेली असतात. ती बसून वाचायला सभासद असावं लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. दारातल्या वहीत नाव, वेळ आणि सही करायची, एवढंच.

पुस्तकं घरी नेण्यासाठी मात्र सभासदत्व लागतं. अभ्यासिकेसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी नोंदणी आणि वेगळं शुल्क असतं. 'मी वाचनालयाचा सभासद आहे, म्हणजे अभ्यासिकेत बसू शकतो' हे गृहीत धरू नका. आधी विचारून घ्या.

पुस्तक घरी नेताना कोणते नियम असतात?

पुस्तक घेण्या-देण्याच्या टेबलाला 'देवघेव विभाग' म्हणतात. तिथे चार गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली, पुस्तक घेताना ते चाळून पाहा. पानं फाटलेली, सुटलेली किंवा पेनाने खुणा केलेली दिसली तर तिथेच ग्रंथपालांना दाखवा आणि नोंद करायला सांगा. नाहीतर परत करताना ती तुमच्या नावावर लागू शकते.

दुसरी, परतीची तारीख. पुस्तकाच्या आत चिकटवलेल्या कागदावर किंवा तुमच्या कार्डावर ती लिहिलेली असते. मुदत संपत आली आणि वाचून झालं नसेल, तर मुदतवाढ मागता येते. मात्र त्या पुस्तकासाठी दुसऱ्या कुणी नाव नोंदवलं असेल तर ती मिळत नाही.

तिसरी, विलंब शुल्क. ते सहसा दिवसाला मोजलं जातं. रक्कम लहान वाटते, पण दोन पुस्तकं दोन महिने राहिली की आकडा वाढतो. काही जण याच भीतीने वाचनालयात जाणंच सोडून देतात आणि पुस्तक कायमचं घरी राहतं. असं करण्यापेक्षा जाऊन ग्रंथपालांशी बोललेलं बरं. आजारपण किंवा परगावी जाणं अशा खऱ्या अडचणीत सूट द्यायची की नाही, हे ठरवण्याची मोकळीक बहुतेक संस्थांना असते.

चौथी, संदर्भग्रंथ. शब्दकोश, विश्वकोश, गॅझेटियर, जुनी नियतकालिकं आणि दुर्मीळ पुस्तकं घरी दिली जात नाहीत. ती तिथेच बसून पाहायची असतात. त्यातल्या काही पुस्तकांची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही, म्हणून हा नियम.

पुस्तक हरवलं किंवा भिजलं तर?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच पुस्तकाची, शक्यतो त्याच आवृत्तीची नवी प्रत आणून देणं. ती मिळत नसेल तर नियमावलीनुसार किंमत भरावी लागते. जुन्या पुस्तकाची छापील किंमत पाच-दहा रुपये असते आणि आज तेच पुस्तक तीनशेला मिळतं. त्यामुळे बरेच ठिकाणी आजची किंमत किंवा छापील किमतीच्या काही पट रक्कम घेतात. किती पट, हे नियमावलीत लिहिलेलं असायला हवं. पैसे भरल्यावर 'पुस्तक हरवल्याची भरपाई' असा उल्लेख असलेली पावती घ्या आणि तुमच्या नावावरची नोंद कमी झाली का तेही पाहा.

पाहिलेलं पुस्तक परत कपाटात का ठेवायचं नाही?

अनेक ग्रंथालयांत 'पुस्तके टेबलावरच ठेवावीत' अशी सूचना असते. वाचकांना वाटतं, आपण मदत करतोय. पण पुस्तकं विषयवार क्रमांकाने लावलेली असतात. बऱ्याच ग्रंथालयांत ड्यूई दशांश वर्गीकरण वापरतात. त्यात मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे आणि पुढचा आकडा कविता, नाटक, कादंबरी असा प्रकार सांगतो. कादंबरी चुकून इतिहासाच्या फळीवर गेली, की नोंदीत ती 'उपलब्ध' दिसते आणि प्रत्यक्षात कुणालाच सापडत नाही. हरवल्यासारखीच ती.

झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो काढता येतो का?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये वैयक्तिक वापर आणि संशोधनासाठी रास्त प्रमाणात उपयोग करायला मुभा आहे. अभ्यासासाठी काही पानांची झेरॉक्स काढणं त्यात बसतं. बाजारात मिळणाऱ्या पुस्तकाची अख्खी प्रत काढणं किंवा पीडीएफ करून ग्रुपवर टाकणं बसत नाही.

कायद्याची परवानगी असली तरी ग्रंथालयाचा नियम वेगळा असू शकतो. जुन्या पुस्तकांचा कागद ठिसूळ झालेला असतो. झेरॉक्स यंत्रावर उलटं दाबलं की बांधणी तुटते. म्हणून फोटो काढण्याआधीही विचारा.

आता अभ्यासिका: जागा कुणाची?

अभ्यासिकेत दोन पद्धती असतात. एकात ठरावीक क्रमांकाची खुर्ची महिनाभर तुमची. दुसरीत जो आधी येईल त्याची जागा.

पहिल्या पद्धतीत तुम्ही नसताना त्या खुर्चीवर कुणी बसलं तर उठायला सांगता येतं. दुसऱ्या पद्धतीत खुर्ची माणसासाठी असते, बॅगेसाठी नाही. चहा-नाश्त्यासाठी अर्धा तास उठणं आणि तीन तास जागा अडवणं यात फरक आहे. काही अभ्यासिकांनी यावर साधा उपाय केला आहे. उठताना टेबलावर वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. ठरलेली वेळ उलटली की सामान काउंटरवर जातं आणि जागा पुढच्याला मिळते. तुमच्याकडे असा नियम नसेल, तर दहा-पंधरा जणांच्या सह्यांचं निवेदन देऊन तो सुचवता येतो.

अशा वेळी दुसऱ्याची बॅग स्वतः उचलू नका. त्यातलं काही हरवलं तर आळ तुमच्यावर येतो. व्यवस्थापकाला बोलवा.

अभ्यासिकेतले इतर नियम बहुतेक ठिकाणी सारखेच असतात: फोन सायलेंटवर ठेवायचा आणि बोलायचं असेल तर बाहेर जायचं, गटचर्चा आत करायची नाही, डबा ठरलेल्या जागीच खायचा, मौल्यवान वस्तू स्वतः सांभाळायच्या, ओळखपत्र जवळ ठेवायचं.

धूम्रपानाचा नियम मात्र स्थानिक नाही, देशभराचा आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात 'सार्वजनिक जागा' या व्याख्येत ग्रंथालयांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिथे धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ग्रंथालय कुणालाही प्रवेश नाकारू शकतं का?

नाही. राज्यघटनेचं कलम १५ (२) सांगतं की पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशांवर चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या जागांचा वापर करताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही. अनुदानावर चालणारं वाचनालय किंवा पालिकेची अभ्यासिका हा नियम डावलू शकत नाही.

इथे दोन शंका येतात. मुलींसाठी वेगळा कक्ष हा भेदभाव आहे का? नाही. कलम १५ (३) नुसार महिला आणि मुलांसाठी खास सोय करता येते. 'फक्त आमच्या शहरातल्या रहिवाशांना प्रवेश' हा नियम चालतो का? कलम १५ (२) मध्ये जन्मस्थानाचा उल्लेख आहे, राहण्याच्या ठिकाणाचा नाही. त्यामुळे पालिका रहिवासाचा पुरावा मागू शकते. अशा वेळी भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी भाडेकरार चालतो का ते विचारावं.

गैरवर्तनाबद्दल मात्र सभासदत्व रद्द होऊ शकतं. पानं फाडणं, पुस्तक चोरणं, भांडण, छेडछाड ही त्याची सर्रास कारणं. पण आधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं आणि कारण लेखी देणं ही रास्त पद्धत आहे. तोंडी 'उद्यापासून येऊ नका' असं सांगितलं, तर शांतपणे लेखी कारण मागा.

तक्रार कुठे करायची?

वेळेत न उघडणं, पावती न देणं, अनामत अडवून ठेवणं, स्वच्छतागृह बंद असणं अशा तक्रारींसाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत.

आधी ग्रंथपालांशी बोला. बऱ्याच वाचनालयांत मोजकेच कर्मचारी असतात आणि प्रश्न बोलून सुटतो.

सुटला नाही तर संस्थेच्या सचिवांना किंवा अध्यक्षांना लेखी अर्ज द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या.

त्यानंतर शासनमान्य ग्रंथालयासाठी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जा. अनुदानित ग्रंथालयांची तपासणी याच कार्यालयामार्फत होते आणि अनुदान त्या अहवालाशी जोडलेलं असतं. त्यामुळे या तक्रारीला वजन असतं. त्यावर विभागीय कार्यालय आणि मग संचालनालय.

पालिकेच्या अभ्यासिकेसाठी वॉर्ड कार्यालय किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

माहिती हवी असेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ उपयोगी पडतो. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात १० रुपये शुल्क भरून अर्ज करा आणि तुमच्या ग्रंथालयाचा शेवटचा तपासणी अहवाल मागा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क लागत नाही.

खासगी अभ्यासिकेत पैसे भरण्याआधी काय पाहाल?

२७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतल्या जुन्या राजिंदर नगरमध्ये एका कोचिंग संस्थेच्या तळघरातल्या ग्रंथालयात पावसाचं पाणी शिरलं. तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. तळघराची परवानगी पार्किंग आणि साठवणुकीसाठी होती, वाचनासाठी नाही.

म्हणून एसी आणि वायफाय नंतर पाहा. आधी हे पाहा: खोली तळघरात आहे का? बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? ती कुलूपबंद तर नाही? अग्निशामक सिलिंडरवरची तारीख उलटून गेली आहे का? रात्री शटर बाहेरून ओढून घेतात का? महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्यानुसार इमारतीतली आगीपासून बचावाची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा तिथे व्यवसाय करणाऱ्याची असते. यातलं काही खटकलं तर स्थानिक अग्निशमन दलाकडे लेखी तक्रार करता येते.

पैशांबाबत सांगायचं तर, इथे तुम्ही ग्राहक आहात. मध्येच सोडलं तर किती पैसे परत मिळतील हे आधी लेखी घ्या आणि सहा महिन्यांचं शुल्क एकदम भरण्याआधी एक महिना बसून पाहा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो.

थोडक्यात

ग्रंथालय कोण चालवतं ते ओळखा. नियमावली मागून वाचा. अनामतीची पावती जपा. पुस्तक घेतानाच तपासा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि दोन-तीन तासांसाठी बाहेर जाणार असाल, तर बॅग सोबत न्या. दारात उभ्या असलेल्या कुणालातरी ती खुर्ची हवी असते.